शाळेत वॉरंटशिवाय अटक: पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य हे प्रश्न सतत पाठवत असतात. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील शाळांना लागू असलेल्या कायद्यानुसार दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यामुळे जुने कलम क्रमांक पाठ असतील तर ते बाजूला ठेवा. खाली पहिलीला ‘न्याय संहिता’ आणि दुसरीला ‘नागरिक सुरक्षा संहिता’ म्हटले आहे.

१. वॉरंट नसताना पोलीस अटक करू शकतात का?

करू शकतात, पण फक्त दखलपात्र गुन्ह्यात. हा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. गुन्हा अदखलपात्र असेल तर वॉरंट किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याला एक छोटा अपवाद आहे. अधिकाऱ्यासमोरच अदखलपात्र गुन्हा घडला आणि ती व्यक्ती नाव-पत्ता सांगायला तयार नसेल किंवा खोटा सांगत असेल, तर ओळख पटेपर्यंत कलम ३९ खाली तिला अटक करता येते.

२. कोणता गुन्हा दखलपात्र आणि कोणता अदखलपात्र, हे कसं ओळखायचं?

नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची आहे. तिच्यात न्याय संहितेच्या प्रत्येक कलमासमोर दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, हे छापलेले असते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तो तक्ता उघडा. शाळांमध्ये नेहमी निघणारे विषय असे:

साधी मारहाण, म्हणजे न्याय संहितेचे कलम ११५(२), अदखलपात्र आहे. शिवीगाळ करून अपमान करणेही अदखलपात्र. हाड मोडले, दात पडला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर ती गंभीर दुखापत ठरते आणि ती दखलपात्र. घातक हत्याराने केलेली दुखापत दखलपात्र. पाठलाग आणि विनयभंग दखलपात्र. कोंडून ठेवणे दखलपात्र. चोरी एरवी दखलपात्र असते. पण वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल आणि आरोपीला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या या अनुसूचीने ती अदखलपात्र केली आहे.

न्याय संहितेबाहेरच्या कायद्यांसाठी अनुसूचीचा दुसरा भाग पाहावा लागतो. साधारण नियम असा की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र आणि तीन वर्षे व त्याहून जास्त शिक्षेचा दखलपात्र. एखाद्या कायद्याने स्वतःच वेगळे सांगितले असेल, तर त्याचे चालते. प्रश्न ९ मधला सगळा गुंता त्यातूनच आला आहे.

एकाच प्रकरणात चार कलमे अदखलपात्र आणि एक दखलपात्र असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) नुसार सगळे प्रकरण दखलपात्र समजले जाते.

३. शाळेच्या आवारात पोलिसांना जादा अधिकार असतात का? की उलट, तिथे अटक करताच येत नाही?

दोन्ही समज चुकीचे आहेत. अटकेच्या बाबतीत शाळा ही वेगळी जागा नाही. फाटकाच्या आत लागणारा कायदा बाहेरही तोच असतो. गुन्हा कोणता आणि आरोपीचे वय किती, यावर सगळे ठरते. निम्मे प्रश्न याच घोळातून येतात.

शाळेच्या सान्निध्याचा फरक पडतो तो शिक्षेत. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३२ख नुसार शैक्षणिक संस्थेत किंवा तिच्या अगदी जवळ गुन्हा केला असेल, तर किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देताना न्यायालय ती बाब विचारात घेऊ शकते. टपऱ्यांचा विषय प्रश्न १३ मध्ये आहे.

४. गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे अटक होणारच ना?

नाही. अधिकार आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, ते अधिकाऱ्याने लेखी नोंदवावे लागते. आरोपी पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील, तपास नीट होणार नाही किंवा तो न्यायालयात हजर राहणार नाही, यांपैकी ठोस कारण हवे. अटक न करण्याचेही कारण लिहावे लागते. अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस दिली जाते. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच बजावले होते, तेव्हा कलम ४१ आणि ४१अ होते.

याला दोन मर्यादा आहेत. दखलपात्र गुन्हा पोलिसांच्या डोळ्यांसमोर घडला, तर ही कसोटी लागत नाही. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात विश्वसनीय माहिती आणि त्यावर आधारलेला विश्वास पुरेसा असतो.

आरोपी साठीच्या पुढे किंवा आजारी असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. निवृत्तीनंतर संस्थेवर गेलेल्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना हे फारसे माहीत नसते.

५. मुख्याध्यापकांची परवानगी नसेल तर पोलीस वर्गात येऊ शकतात का?

परवानगीची अट कायद्यात नाही. उलट, अटक करायची व्यक्ती आत आहे असे मानायला पोलिसांकडे कारण असेल, तर जागेचा ताबा असणाऱ्याने त्यांना आत येऊ द्यावे, असे कलम ४४ सांगते. फाटकाला कुलूप लावणे अंगाशी येऊ शकते.

पण अधिकाऱ्याचे नाव व पद विचारणे, गुन्हा क्रमांक विचारणे, वर्गाऐवजी कार्यालयात बोलू या अशी विनंती करणे, वेळेसह सगळे आवक नोंदवहीत लिहून ठेवणे, यातले काहीही अडवणूक ठरत नाही. समजूतदार अधिकारी ऐकतात. चाळीस मुलांसमोर एका मुलाचा दंड धरून नेण्याने तपासाला काही मिळत नाही.

६. विद्यार्थ्याला ‘अटक’ होते का?

अठरा वर्षांखालील मुलासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ अटक हा शब्द वापरत नाही. त्याला ‘ताब्यात घेतले’ जाते आणि तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटला जातो. फरक फक्त शब्दांचा असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. प्रत्यक्ष फरक मोठा आहे.

ताब्यात घेतलेले मूल लगेच विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर उभे करावे लागते. कोठडी किंवा तुरुंग कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. बेडी, दोरी नाही. मंडळासमोर नेणारा अधिकारी साध्या कपड्यांत हवा. पालकांना कळवण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

२०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ आणखी पुढे जातो. ताब्यात घेण्याचा अधिकार फक्त अतिगंभीर गुन्ह्यांसाठी वापरावा, किंवा मुलाच्या हितासाठीच ते गरजेचे असेल तेव्हा. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसतील, तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि मंडळाकडे पाठवायचा. म्हणून ‘दोन मुलांच्या हाणामारीचा एफआयआर पोलीस का घेत नाहीत’ या तक्रारीत अनेकदा पोलिसांचेच बरोबर असते.

‘अतिगंभीर’ म्हणजे किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असलेला गुन्हा. इथे किमान हा शब्द नजरेतून सुटतो. खुनाचा प्रयत्न ऐकायला भयंकर वाटतो, पण त्यात किमान सात वर्षांची अट नाही. त्यामुळे बाल न्याय कायद्याच्या हिशेबात तो ‘गंभीर’ ठरतो, ‘अतिगंभीर’ नाही.

जामिनाचा नियमही उलटा आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन द्यायचा असतो. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हाणून पाडला जाईल, असे वाटायला कारण असेल तरच जामीन नाकारता येतो.

७. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालेल का? शाळेचा दाखला कोणता द्यायचा?

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. या यादीत आधार कार्ड नाही.

शाळेच्या लिपिकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे या कलमातला ‘जन्मतारखेचा दाखला’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात म्हटले आहे. पोलिसांचे पत्र आले की जनरल रजिस्टरची झेरॉक्स चिकटवून पाठवण्याची सवय असते. तिच्यासोबत मूळ नोंद कशाच्या आधारे झाली तो कागदही जोडा. बऱ्याच प्रकरणांत तो प्रवेश अर्जाला लावलेला ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच असतो.

८. पहिली-दुसरीतल्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर?

सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही (न्याय संहिता, कलम २०). सात ते बारा या वयात, आपण काय करतो हे कळण्याइतकी समज मुलाला नसेल तर कलम २१ खाली तेही गुन्हा होत नाही.

९. शिक्षकाने विद्यार्थ्याला मारलं. पोलीस लगेच अटक का करत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचे उत्तर चार कायद्यांत विखुरलेले आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. पण त्या कलमातली कारवाई सेवानियमांनुसार होणाऱ्या शिस्तभंगाची आहे. त्या कलमावर अटक होत नाही. तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते.

न्याय संहितेनुसार वळ उठण्याइतकी मारहाण बहुधा साध्या दुखापतीत मोडते, म्हणजे अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून पालकांना परत पाठवतात ते यामुळे. कानाचा पडदा फाटून कायमचे ऐकू येईनासे झाले, बोट मोडले, तर चित्र बदलते. म्हणून आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, मग वाद घाला.

तिसरा कायदा म्हणजे बाल न्याय कायद्याचे कलम ७५, मुलाशी क्रूरता. संस्थेत मुलांची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याला यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. एवढी शिक्षा असल्यावर गुन्हा दखलपात्र असणार असे कोणीही म्हणेल, आणि पूर्वी तो तसा होताही. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, या कायद्यातले तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे ‘अदखलपात्र आणि अजामीनपात्र’ केले. म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही, पण अटक झालीच तर जामीन हक्काने मिळत नाही. ही जोडी विचित्र आहे, आणि मुलांच्या बाजूने पाहिले तर ही दुरुस्ती मागे नेणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने परिपत्रक दाखवून कलम ७५ दखलपात्र असल्याचे सांगणारे अजून भेटतात.

चौथी वाट प्रश्न २ च्या शेवटी सांगितलेली: सोबत एखादे दखलपात्र कलम लागत असेल तर सगळेच प्रकरण दखलपात्र होते. वर्गात कोंडून ठेवले होते का, हत्यार म्हणता येईल असे काही वापरले का, हे तक्रारीत लिहिणे त्यासाठी महत्त्वाचे. घडलेलेच लिहा. कलम लागावे म्हणून रचलेली वाक्ये उलटतपासणीत टिकत नाहीत.

शिक्षकांसाठी: तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(३)). तुम्ही राज्य शासनाचे कर्मचारी असाल आणि ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिलात, तर निलंबन आपोआप झाले असे मानले जाते.

१०. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर?

तिथे वरची बरीच चर्चा गैरलागू होते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याखालचे अत्याचाराचे गुन्हे दखलपात्र आहेत आणि गंभीर कलमांत प्रश्न ४ मधली सात वर्षांची कसोटीही लागत नाही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांत आरोपीला बेडी घालण्याची मुभाही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने पोलिसांना दिली आहे.

शाळेसाठी महत्त्वाचे आहे ते पोक्सोचे कलम १९. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी अंतर्गत समितीचा अहवाल येऊ दे’ याला कायद्यात जागा नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या निषेधात लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि गुन्हा नोंदवण्यातला उशीर व शाळेचे न कळवणे या दोन्हींवर बोट ठेवले.

न कळवण्याचा गुन्हा एकटा पाहिला तर अदखलपात्र व जामीनपात्र आहे. पण तो मूळ गुन्ह्याच्या प्रकरणातच जोडला जातो, त्यामुळे ‘आम्हाला कोण धरणार’ या भरवशावर राहू नका.

११. पालक शाळेत घुसून शिक्षकाला मारहाण करतात तेव्हा?

शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर शिक्षक लोकसेवक ठरतो. कर्तव्य बजावताना त्याच्यावर हल्ला केला तर न्याय संहितेचे कलम १३२ लागते. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, मार किरकोळ असला तरी. गुन्हा करण्याच्या किंवा धमकावण्याच्या हेतूने आवारात शिरणे हा अतिक्रमणाचा गुन्हाही दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. नुसते जाब विचारायला आलेल्या पालकाचे येणे अतिक्रमण होत नाही.

१२. शिक्षिकेला संध्याकाळी अटक होऊ शकते का?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

१३. शाळेसमोरचा टपरीवाला मुलांना तंबाखू विकतो. पोलीस त्याला उचलतील का?

शाळेपासून शंभर यार्डांत, किंवा अठरा वर्षांखालील मुलांना कुठेही, तंबाखू विकण्याबद्दल २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात २०० रुपयांपर्यंत दंड आहे. अटक नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७७ मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते, पण तेही प्रश्न ९ मधल्या दुरुस्तीत अदखलपात्र झाले. गांजा किंवा तत्सम काही विकत असेल तर मात्र अमली पदार्थविरोधी कायदा लागतो आणि तिथे वॉरंटची वाट पाहिली जात नाही.

१४. पोलीस येईपर्यंत आम्ही कुणाला धरून ठेवू शकतो का?

तुमच्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र असा गुन्हा घडला, तरच. मग सहा तासांच्या आत त्या व्यक्तीला पोलिसांकडे द्यावे लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). दोन्ही अटी हव्यात. संशयावरून कोणाला स्टोअर रूममध्ये कोंडलेत तर गुन्हा तुमच्यावर होईल, तोही दखलपात्र. विद्यार्थ्याच्या बाबतीत हा अधिकार वापरूच नका. कार्यालयात बसवा, पाणी द्या, पालकांना फोन करा आणि ११२ किंवा १०९८ वर कळवा.

१५. साक्षीदार म्हणून मुलांना पोलीस ठाण्यात बोलावलं आहे. पाठवायचं का?

पंधरा वर्षांखालील मुलगा आणि कोणत्याही वयाची मुलगी किंवा स्त्री यांना जबाबासाठी घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). पोलिसांनी घरी यायचे असते. पोक्सोतील पीडित मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

१६. अकरावीतला मुलगा आणि दहावीतली मुलगी, दोघांच्या मर्जीने संबंध. तरीही गुन्हा?

होय. अठरा वर्षांखालील संमती पोक्सो मानत नाही. लैंगिक संभोगाच्या कलमात किमान शिक्षा दहा वर्षे, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. त्यामुळे हा गुन्हा ‘अतिगंभीर’ ठरतो, नियम ८ चे संरक्षण (प्रश्न ६) कमी पडते आणि मुलाला ताब्यात घेतले जाऊ शकते. त्याने सोळा पूर्ण केली असतील तर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याची प्राथमिक पाहणी मंडळ करते. खुनाच्या प्रयत्नापेक्षा प्रेमप्रकरण वरच्या वर्गात बसते, हे पचायला जड आहे, पण आजचा कायदा तसा आहे. शाळेवरचे कळवण्याचे बंधनही तेच (प्रश्न १०).

१७. घटना घडली तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता, आता एकोणीसचा आहे. आता तरी नेहमीसारखी अटक होईल?

नाही. गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरतात. आज तो कॉलेजात असला तरी प्रकरण मंडळासमोरच जाते आणि वयाचा पुरावा प्रश्न ७ प्रमाणे.

१८. आपसात मिटलं तर पोलिसांना ‘काही करू नका’ म्हणता येतं का?

साध्या मारहाणीसारख्या गुन्ह्यात तडजोडीला कायद्याने वाट ठेवली आहे. पोक्सोत नाही. तिथे गावकीच्या बैठकीत लिहून घेतलेला स्टॅम्प पेपर हा उलट दबावाचा पुरावा ठरू शकतो.

१९. अटक झालीच तर कोणते कागद मागायचे?

अटक पंचनामा: त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची स्वतःची सही असते. शाळेतून अटक झाली तर साक्षीदार म्हणून बहुतेक वेळा मुख्याध्यापकांनाच पुढे करतात. सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. साडेअकराला नेलेल्या माणसाच्या कागदावर सायंकाळी सहा लिहिलेले असेल, तर चोवीस तासांचे घड्याळ तिथेच साडेसहा तासांनी मागे पडते.

अटकेची कारणे: ती व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी द्यावीत, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती हातात पडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी सांगितले. ‘गुन्हा क्रमांक अमुक, कलम तमुक’ एवढे लिहिणे म्हणजे कारणे देणे नव्हे.

नातेवाईक, मित्र किंवा सांगितलेल्या व्यक्तीला कळवल्याची नोंद आणि वैद्यकीय तपासणीची प्रत हीही मागा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसेल असे नाही.

२०. यातलं काहीच पाळलं नाही तर तक्रार कुठे?

पहिली आणि सर्वांत उपयोगाची जागा म्हणजे ज्यांच्यासमोर हजर केले जाते ते न्यायदंडाधिकारी, आणि मूल असेल तर बाल न्याय मंडळ. मारहाण झाली असेल, वेळ खोटी लिहिली असेल, मुलाला कोठडीत ठेवले असेल, तर ते तिथे तोंडी सांगून नोंदवून घ्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. त्यानंतर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग आहेत, पण तिथे वेळ लागतो. चोवीस तास उलटूनही माणूस कुठे आहे हेच कळत नसेल, तर वकिलामार्फत थेट उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या माणसाला न्यायालयात हजर करा अशी) याचिका करता येते. मुलाचे नाव, फोटो, शाळेचे नाव समाजमाध्यमांवर टाकून मदत मागू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पोस्ट मुलाच्या बाजूची असली तरी तो टळत नाही.